अँबॅसिडरचे बुश बदलले

रविवार, संध्याकाळ. राहाता.

अण्णांच्या जुन्या अँबॅसिडरचे चाकांजवळचे झिजलेले रबरी बुश आज बदलून आणले. रबर गेल्यामुळे खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटायचं. पाठीच्या ऑपरेशननंतर आईला तो दणका सोसेना, म्हणून तिनं गाडीत बसणंच सोडलं होतं.

दुपारी कशीबशी तयार झाली, फक्त कॅनॉलपर्यंत. पुढं अण्णांशेजारी ती, मागं मी. पहिला खड्डा आला. दणका नाही.

"दुखलं का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई."

खरंच नाही, की त्यांच्यासाठी म्हणाली? मी मागून तिचे खांदे बघत राहिलो. दुसऱ्या खड्ड्यालाही ते सैलच होते.

कॅनॉलवर अण्णा गाडी वळवू लागले, तशी आई म्हणाली, "वळवता कशाला? माझ्या बहिणीकडं जाऊन येऊ. लई दिवस झाले."

अण्णांनी गाडी सरळ घेतली.