कोळशाचे वय

मुंबई, २८ डिसेंबर १९५३

ती. रघुदादास धाकट्या देवजीचा शि. सा. न. वि. वि.

आईचा खोकला कसा आहे ते कळवावे. मी बरा आहे. खानावळीतली भाजी सोडली तर तक्रार नाही.

लिहिण्याचे कारण, आमच्या बोटीच्या ऑफिसात धोक्याच्या मालाचे नवे नियम आले आहेत. दहा वर्षांपूर्वी गोदी उडाली तेव्हापासून साहेब लोक काडेपेटीलाही दबकून असतात. आता त्यांच्या यादीत आपला लाकडी कोळसाही आला. हसू नका. कोंडून ठेवला की तो आतल्या आत आपोआप तापतो म्हणे. म्हणून पंधरा दिवसांचा झाल्याशिवाय तो समुद्रावर न्यायचा नाही, आणि कोळसा किती दिवसांचा ते चिठ्ठीवर लिहून प्रत्येक पोत्याला बांधायचे. वखारीचे कारकून तुम्ही, तेव्हा हे काम तुमच्याच गळ्यात.

माझ्या पाठच्या बुधाला याच मालाबरोबर मचव्याने पाठवून द्या. गोदीत त्याच्यासाठी कामाची जागा बघून ठेवली आहे. त्या निमित्ताने डोंगरातला गडी एकदाचा समुद्र तरी पाहील.

थोरल्यांची माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
देवजी

खोडाळा, ६ जानेवारी १९५४

चि. देवजीस अनेक आशीर्वाद.

आईचा खोकला थंडीबरोबर जाईल. तुझे नियम ऐकून वखारीत सगळे पोट धरून हसले. संस्थान गेले, मुंबईचे सरकार आले, आणि आता कोळशालाही जन्माचा दाखला! तरी चिठ्ठ्या मी स्वतः बांधल्या. कोळसा एकोणीस दिवसांचा आहे. तुझ्या साहेबांना चार दिवस वर दिले.

एक मात्र चमत्कारिक आहे. सकाळी गवतावर, छपरावर, सगळीकडे दव असते, या पोत्यांवर नसते. गावची कुत्री चुलीची राख सोडून त्यांच्यावर निजतात. काल जवळ कोणी नसताना मधले एक पोते आपणहून खचले आणि थकलेल्या माणसासारखा उसासा टाकून बसले. भट्टी लावणारी म्हातारी धोंडीबाई त्यांच्याकडे पाठ करून बसत नाही. कोळसा निजलाय, मेला नाय, असे म्हणते. मी तिची थट्टा केली खरी, पण तिकडून जाताना आता मीही मागे वळून बघतो.

बुधा दहा तारखेला लॉरीबरोबर डहाणूला जाईल. अकराला मचवा सुटेल. त्याची बायको मंगळी रुसून बसली होती. दोन महिन्यांत बोलावून घेतो, असे त्याने देवासमोर कबूल केले तेव्हा कुठे हसली.

लहान भावाने पत्राला उशीर करू नये, एवढेच मागणे.

तुझा,
रघुदादा

मुंबई, ९ जानेवारी १९५४

ती. रघुदादास शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आत्ताच मिळाले. दवाचे वाचून अंगावर काटा आला. एकोणीस दिवसांचा कोळसा ऊन राहीलच कसा? दादा, दिवस कुठून मोजलेत? नियमात भट्टी उघडून कोळसा हवेवर टाकल्यापासून मोजायचे आहेत. पहिल्या पत्रात मी ते लिहिलेच नाही.

शंका असेल तर माल डहाणूलाच थांबवा. निदान बुधाला तरी त्या मचव्यावर चढू देऊ नका. तो रेल्वेने येऊ दे. तार केली तरी जव्हारहून पुढे ती टपालानेच येणार, म्हणून पत्रच धाडतो, अकराच्या आत पोचो. उलट टपाली उत्तर द्यावे, मला चैन नाही.

आपला,
देवजी

खोडाळा, १२ जानेवारी १९५४

चि. देवजीस आशीर्वाद.

पत्र आज मिळाले. आपल्याकडे भट्टीचे वय विस्तव दिला त्या दिवसापासून धरतात. सगळा गाव तसेच मोजतो, मीही तसेच मोजले. धोंडीबाईने अठरा डिसेंबरला विस्तव दिला. भट्टी उघडली दोन जानेवारीला. चिठ्ठ्या लिहिल्या तेव्हा तुमच्या हिशेबाने तो कोळसा चार दिवसांचा होता रे.

मचवा काल सुटला. लॉरीवाला परत आला तो बुधाचा निरोप घेऊन. समुद्राचा वारा फार बोचतो, पण खाली पोत्यांवर ताडपत्रीच्या आत छान जागा मिळाली आहे, ऊब आहे, आईने काळजी करू नये. आई हा निरोप येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आहे. मी तार करायला जव्हारला निघालो. तू बंदरावर उभा राहा.

रघु

मुंबई, १५ जानेवारी १९५४

ती. रघुदादास शि. सा. न.

तार मिळाली, पत्रही मिळाले. परवा मी सकाळपासून बंदरावर होतो. मचवा दुपारी आला. शीड नीट, तांडेल खुशाल, एकही पोते जळलेले नाही, कुठे धूर नाही. मला इतका आनंद झाला की मी तांडेलाला मिठीच मारली. तो म्हणाला, बुधा खालीच निजला आहे, बोट लागली असेल म्हणून कोणी उठवले नाही.

ताडपत्री मी उचलली. तो कुशीवर निजला होता. गाल लाल, लहानपणी ताप आला की व्हायचे तसे. आम्ही त्याला वर घेतले. अंग ऊन होते, म्हणून डॉक्टर येईपर्यंत मी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलो. पहिल्याच दिवशी एवढी झोप काढतोस, म्हणून त्याच्यावर रागावलोसुद्धा.

डॉक्टर म्हणाले, कोळसा आत धुमसत होता, त्याच्या विषारी हवेला वास नसतो. बुधा पहाटेच गेला होता. दादा, ती ऊब त्याची नव्हती, कोळशाची होती.

काल त्याचे सगळे इथेच केले. इथले कागद आटोपून मी वीस तारखेला पोचतो. आईला आणि मंगळीला मी येऊन सांगेन, तोवर तुम्ही कसेही करून दोन दिवस निभावून न्या. आणि चिठ्ठ्यांचा विचार करत एकटे बसू नका. माझी माया आहे तेवढीच आहे.

तुमचा,
देवजी