दोन फुलाबाई, एक कार्ड

मी, शिवशरण ईश्वरप्पा कलशेट्टी, वय ६१, राहणार भवानी पेठ, सोलापूर, गिरणीच्या दवाखान्याचा माजी रेकॉर्ड कारकून, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहितो आहे. दम्याने छाती साथ देत नाही. डोके अजून देते. माझे पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी मेहुणे गुरप्पा बिराजदार यांना व्यवस्थापक नेमले होते. आता ते काम मुलगी कमलम्मा पाहील.

१. भवानी पेठेतील दोन खोल्या पत्नी महादेवी हिने हयातभर वापराव्यात, नंतर त्या कमलम्माच्या. गुरप्पाने तेथे मुक्काम करू नये. बहिणीने भावाला चहा पाजण्यास माझी मनाई नाही.

२. गुरप्पाला काही देत नाही, त्याचे कारण असे. १९७७ साली दवाखान्याच्या चार हजार कार्डांची यादी मुंबईच्या संगणक यंत्रावर करून घ्यायचे ठरले. गुरप्पा आमचा हेडक्लार्क. यंत्राला फक्त इंग्रजी येई. आमच्या कपाटात नावे क-ख-ग अशी लावलेली. यंत्राच्या क्रमात ज्ञानोबा डीमध्ये गेला. तेवढे सोसले असते. पण वाइंडिंग खात्यात दोन फुलाबाई होत्या, एक काळे, दुसरी काले. इंग्रजीत दोघी सारख्याच. म्हणून ‘ळ’साठी मोठा एल आणि ‘ल’साठी लहान एल, असा नियम करून मी नावे पाठवली. यंत्रवाल्यांनी कळवले, आमच्याकडे लहान अक्षर नाहीच, सगळी मोठीच. मी गुरप्पाला लेखी दिले की अशी नावे एक होतील, प्रत्येक नावापुढे कार्डाचा जुना नंबर घ्यावा. तो हसला.

“दाजी, दोन बायांसाठी मशीन थांबवू व्हय?”

यादी आली. फुलाबाई दोनदा. गुरप्पाच्या हुकमावरून दुबार नावांचे एकेक कार्ड रद्द झाले. काळेबाईच्या कार्डावर मी तांबड्या शाईने लिहिले होते, ‘पेनिसिलिन चालत नाही’. नेमके तेच गेले. महिन्याभराने ती पायाला जखम झाली म्हणून आली. डॉक्टरांनी कार्ड मागितले, मी उरलेले काढून दिले. आडनाव वाचले नाही. एवढा दोष माझा. इंजेक्शन घेऊन ती बाकावर बसली, ती पुन्हा उठली नाही.

चौकशीत गुरप्पा म्हणाला, “नियम कलशेट्टींचा, यादीही त्यांनीच तपासली.” माझ्या पत्राची नक्कल घरी ट्रंकेत होती. आणायला गेलो, तर नव्हती.

महादेवी म्हणाली, “मीच दिली गुरप्पाला. त्याच्या दोन पोरी उजवायच्या हायती. तुमची नोकरी तर सरतच आलीया की.”

मी “बास” म्हणालो आणि बाहेर पडलो. मला कामावरून कमी केले. तेव्हापासून आमचे बोलणे भाजी-भाकरीपुरते.

३. वैराग येथील माझी वीस गुंठे जमीन मयत फुलाबाई काळे हिची मुलगी सोजरबाई हिला द्यावी. आई नशिबाने गेली, असे तिला सांगण्यात आले. तसे नव्हते. कलम दोन तिला वाचून दाखवावे, माझ्या दोषाची ओळ न गाळता.

४. सायकल व शाईची पेने जावयाला. पेने धुऊन ठेवली आहेत.

५. माझ्या मातीला गुरप्पा आला तर त्याला अडवू नये. खांदा मात्र देऊ देऊ नये.

६. हे वाचताना महादेवीला दाराआड उभी करू नये. कमलम्माने तिला जवळ बसवून घ्यावे. तिला काही सांगायचे असेल, तर कोणी मध्ये बोलू नये. त्या दिवशी मी तिला पुरते बोलू दिले नव्हते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि साक्षीदारांच्या समोर खाली सही केली.

शिवशरण ईश्वरप्पा कलशेट्टी (सही)

साक्षीदार :
१. वीरभद्रप्पा म्हेत्रे, शेजारी (सही)
२. रामहरी शेटे, निवृत्त कंपाउंडर (सही)

सोलापूर, दि. २ डिसेंबर १९७९