कुठेही खेळणारी मुलगी

बाबा, हे मी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिते आहे. हिशेबाच्या वहीतलं पान तुमच्यासाठी फाडावं असं काही मनात आलं नाही. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. महू ते इंदूर तासाभराचा बसचा रस्ता, त्यात लिहायचं काय. पण गेल्या पंधरा-वीस दिवसांत या घरात तुमचं नाव इतक्या वेळा निघालं, आणि दर वेळी इतक्या आदरानं, की खरं काय ते कुठेतरी उतरवून ठेवल्याशिवाय मला चैन पडेना.

तुमची नात आता सतरा वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही, पण ती तुम्हाला चांगलं ओळखते, म्हणजे फोटोतल्या तुम्हाला. गळ्यात शिट्टी, कमरेवर हात, मागे छावणीचं मैदान. तो फोटो इथे तिच्या टेबलावर असायचा. ती फुटबॉल खेळते, आणि बाबा, खरंच खेळते. बाहेरच्या एका मोठ्या शहरातल्या क्लबनं तिला मागितलं. मुलींचा व्यावसायिक संघ आहे, राहायची सोय, पगार, सगळं कागदावर. अठरा पूर्ण नाहीत म्हणून त्या कागदावर माझी सही लागत होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सहीवाचून कोणाचं काही अडलं.

त्यांच्या कोच मॅडम घरी आल्या होत्या, रविवारी सकाळी. इथे इंदूरला आमच्या बडा गणपतीच्या गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून कोपऱ्यापासून चालत आल्या. तिशी-बत्तिशीची मुलगी, एका गुडघ्यावर टाक्यांची लांब खूण. मी चहा आणि बिस्किटं ठेवली, तर त्यांनी बशीतली बिस्किटं उचलून ट्रेमध्येच संघ मांडला. "आंटीजी, हमारा अटैक एकदम सीधा है. दो लड़कियाँ आगे दौड़ती हैं, बाकी सब पीछे से बॉल फेंकती रहती हैं. मुझे बीच में एक ऐसी चाहिए जो बॉल ले, सिर उठाए, देखे, फिर बाँटे. आपकी बेटी में वो नज़र है." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्या हसून म्हणाल्या, "और सबसे बड़ी बात, विंग पर डालो तो विंग, पीछे डालो तो पीछे. इसे कहीं भी खिला लो."

कहीं भी. मी किटली घेऊन उभी होते ती तशीच राहिले. यांनी विचारलं, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, साखर कमी वाटते. आणि आत गेले.

आत जाऊन मी आपल्या महूच्या स्वयंपाकघरात उभी राहिले, बाबा. तुम्ही वर्कशॉपमधून आलात, हातपाय धुतलेत, आणि आईच्या टोपलीतले बटाटे जमिनीवर मांडायला बसलात. तुम्ही ज्या पोरांना शिकवायचात त्यांचा, उद्याच्या सामन्याचा संघ. चार मागे, तीन मधे, तीन पुढे, गोलकीपर म्हणून एक मोठा कांदा. मी पोळ्या लाटते आहे आणि तिरक्या नजरेनं बघते आहे. आई तुमच्या डिफेन्समधला एक बटाटा उचलते आणि चिरायला घेते. "अहो, भाजीला कमी पडतोय." तुम्ही हसता. टोपलीत हात घालता, आल्याचा एक वाकडा तुकडा काढता आणि त्या बटाट्याच्या जागी ठेवता. "ही आमची पोरगी. जिथे खड्डा पडेल तिथे लावा." त्यानंतर दर शनिवारी आई एखादा बटाटा उचलायची आणि तो आल्याचा तुकडा कधी मागे, कधी पुढे, कधी उजव्या टोकाला जायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आता लिहितानाही लाज वाटते. मांडणी संपली की बटाटे टोपलीत जायचे आणि आलं किसून चहात.

सरावाला तुमच्या क्लबची पोरं कमी पडली की तुम्ही मला उभं करायचात. चौदा-पंधरा वर्षांची मी, भावाची चड्डी घालून. कधी बॅक, कधी विंगला, एकदा तर पूर्ण पाऊण तास गोलमध्ये. एके दिवशी तुमचा मधला खेळाडू तापानं पडला आणि तुम्ही मला मधे टाकलंत. तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. माझ्याकडे चेंडू आला, मी मान वर केली, आणि मला सगळं दिसलं. कोण कुठे आहे ते नाही, कोण कुठे जाणार आहे ते. मी दोघांच्या मधून चेंडू सोडला आणि पुढचा पोरगा न थांबता त्याच्यापर्यंत पोचला. गोल झाला. तुम्ही शिट्टी वाजवलीत, सगळ्यांना गोळा केलंत आणि त्या पोरांना म्हणालात, "देखा? पास ऐसे देते हैं." त्यांना म्हणालात. माझ्याकडे पाहिलंतही नाही. पुढच्या रविवारी तापातून उठलेला पोरगा परत मधे आणि मी परत डाव्या बॅकला.

मग इंदूरला मुलींच्या संघाची निवड होती. तुम्ही मला बूट आणलेत, माझ्या आयुष्यातले पहिले. एक नंबर मोठे. म्हणालात, पुढे भावालाही होतील. मी बोटांपाशी कापूस कोंबून खेळले, तरी चांगली खेळले. निवडणारे साहेब टेबलाशी रजिस्टर घेऊन बसले होते. माझी पाळी आली. "पोज़िशन?" माझ्या तोंडात शब्द तयार होता, बाबा. मधली. स्ट्रायकरच्या मागची. पण मी आधी तुमच्याकडे पाहिलं, कारण तेव्हा मी काहीही करायच्या आधी तुमच्याकडे पाहायची, आणि तुम्ही तारेच्या कुंपणापलीकडून मोठ्यानं म्हणालात, "कहीं भी डाल दो साहब, सब जगह खेल लेती है." तुम्हाला वाटलं, तुम्ही माझं कौतुक करताय. साहेबांनी "बढ़िया" म्हटलं आणि माझं नाव सगळ्यात खाली लिहिलं. ज्या मुलींनी एकच जागा सांगितली होती त्यांना त्या जागा मिळाल्या. मला सोळा नंबर मिळाला, सगळ्यांच्या बदली. भोपाळला चार सामने झाले. मी पाण्याच्या बाटल्या भरल्या, आणि शेवटच्या सामन्यात आठ मिनिटं डाव्या बॅकला उभी राहिले. चेंडू माझ्याकडे एकदाही आला नाही.

परतीच्या बसमध्ये मी रडत होते तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "जागेचा हट्ट धरणारा खेळाडू मला चालत नाही. संघ सांगेल तिथे उभं राहायचं." आवाज चढवला नाहीत. खिडकीबाहेर बघत बोललात.

मग संघानं जिथे सांगितलं तिथे मी उभी राहिले. आई अंथरुणाला खिळली, मी मॅट्रिक होऊन स्वयंपाकघरात. माझ्या लग्नाच्या बैठकीत पाहुणे आले तेव्हा तुम्ही त्यांच्याशीही त्याच सुरात बोललात. "आमची मुलगी कुठेही लावा, तक्रार येणार नाही." त्यांनी लावलं. सासऱ्यांना पक्षाघात झाला तर त्यांच्या खाटेशी, जाऊबाईंचं बाळंतपण तर तिथे, हे हातोदच्या मंडीत कारकून म्हणून पहाटे निघतात तर पाच वाजता डब्याशी. तक्रार आली नाही. सगळे म्हणतात, ही आहे म्हणून घर चाललं. खरंच आहे ते. फक्त या घरात माझी म्हणून जागा कोणती, ते मला कोणी विचारलं असतं तर मी पुन्हा तारेपलीकडेच बघितलं असतं.

म्हणून त्या रविवारी मी चहा घेऊन बाहेर आले आणि कोच मॅडमना विचारलं, "मैडम, वो सब ठीक है. इसकी जगह कौन सी होगी?" त्या म्हणाल्या, "आंटीजी, आजकल ऐसे नहीं होता. जो चार जगह खेले, उसी की वैल्यू है." मी म्हटलं, "वैल्यू समझ गई. जगह बताइए." यांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मॅडम हसून म्हणाल्या, गुरुवारी इथल्याच पलासियाच्या ऑफिसात कागद तयार असेल, तोवर विचार करा. त्या गेल्यावर हे म्हणाले, "अगं सही कर ना, नाहीतर दुसरी मुलगी लाइनमध्ये उभीच आहे." आणि तुमची नात पाय आपटत आली.

"आई, यार, तू काय लावलं होतंस? जगह, जगह. बसमधली सीट आहे का ती?"

"मला जे विचारायचं होतं ते विचारलं."

"तुला फुटबॉलमधलं काय कळतं? मला व्हर्सेटाइल म्हणून घेत आहेत. तेच माझं प्लस आहे. आणि तू त्यालाच नाट लावतेस."

मी म्हटलं, "ज्याला कुठेही उभं करता येतं, त्याला बसवताही कुठेही येतं." ती म्हणाली, "हे तुझं घरातलं लॉजिक मला नको सांगू." आणि मग तुमच्या फोटोकडे हात करून म्हणाली, "आजोबा असते ना, तर त्यांना कळलं असतं."

बाबा, मी खेळत होते हे तिला माहीत आहे, पण कसं ते नाही. शाळेत असताना आई थोडं खेळायची, इतकंच. आठ मिनिटं काय सांगायची कुणाला. त्या क्षणी मला सगळं सांगता आलं असतं, तो आल्याचा तुकडा, बूट, रजिस्टर, बस. पण तिचा चेहरा पाहिला आणि कळलं, माझं म्हणून सांगितलं तर ते आईचं रडगाणं होईल. ती ऐकून घेईल आणि हेडफोन लावेल. माझ्या तोंडून निघालं, "आजोबांनीच सांगितलंय हे."

"काय सांगितलं?"

"खेळता चार जागी यावं, पण आधी आपली एक जागा मागून घ्यावी. जो मागत नाही त्याला सगळे बदली म्हणून वापरतात. हे ते पोरांना रोज सांगायचे."

तिनं तो फोटो हातात घेतला. मग म्हणाली, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

गुरुवारी पलासियाला तिसऱ्या मजल्यावर ते ऑफिस. कागद माझ्यापुढे आला, पेन आलं, आणि मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मैम, साइन से पहले एक बात. मेरी जगह बीच में है. स्ट्राइकर के पीछे. बाकी सब खेलूँगी, पर पहले वहाँ." मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. "और रिज़ल्ट नहीं आया तो? हटाऊँगी मैं."

"हटा देना, मैम. पर पहले रखना."

मॅडमनी कागद स्वतःकडे ओढला. आता हात धरून बाहेर काढतात की काय, असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "शुरू के छह मैच. बीच में. लिखकर नहीं दूँगी, पर दूँगी." मी सही केली. सोबत जिन्यापर्यंत येताना त्यांनी विचारलं, "किसने सिखाया इसको ऐसे बोलना? मुझे तो किसी ने नहीं सिखाया." पोरगी अभिमानानं म्हणाली, "मेरे नानाजी ने. कोच थे महू में." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी हो म्हणून मान हलवली.

ती गेली. जाताना तुमचा फोटो कपड्यांत गुंडाळून घेऊन गेली, आणि त्याखाली ते आपली जागा मागून घेण्याचं वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलं आहे. काल फोनवर सांगत होती, खोलीतल्या मुलींनी फोटो काढून घेतला त्याचा. पहिला सामना झाला. मधे खेळली. यांनी मोबाइलवर दाखवला. एकदा तिनं मान वर केली, आणि पास सोडायच्या आधीच मला कळलं कुठे जाणार ते. हे म्हणाले, "बाबांचंच रक्त." मी भांडी आवरायला उठले.

तर असं आहे. मी आयुष्यभर ज्या वाक्यासाठी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले, ते शेवटी मलाच तयार करावं लागलं, आणि तेही तुमच्या नावानं, कारण माझ्या नावाला या घरात तेवढं वजन नाही. तुमच्या नावाला ते का आहे, हे मला अजून समजलेलं नाही. कधीतरी तिला खरं सांगेन असं आधी ठरवलं होतं. आता नाही सांगणार. हे कागद धान्याच्या कोठीखाली जातील, तिथे माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही.

सकाळी बुद्धवंदनेला बसते तेव्हा पाचही शीलं मोठ्यानं म्हणायची मला सवय आहे, शेजारपर्यंत ऐकू जातं. त्या रविवारपासून खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की मी आवाज बारीक करते.