छत्रीवाला, अनवाणी आणि तळमजल्यावरची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, चष्म्याची भिंगे घासण्याच्या कारखान्यातून निवृत्त, अविवाहित, राहणार तळमजला, असे लिहून ठेवते की आज मी पूर्ण शुद्धीत आहे, माझ्यावर कोणाचेही दडपण नाही आणि चष्मा लावल्यावर मला सगळे स्वच्छ दिसते. मालिकेचे सतरावे पर्व पुढच्या हिवाळ्यात येणार आहे, तोवर मी असेन का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी माझ्या रक्तदाबाचा विषय काढला. म्हणून हे काम आजच उरकते आहे.

मालिका कोणती, हे वकीलबाईंनाही सांगावे लागले, तेव्हा इथे नोंदवते. उष्ण प्रदेशातले एक बेट, नारळाची झाडे, दर शनिवारी रात्री आठला एक खून, आणि नऊला पाच मिनिटे कमी असताना सगळ्या संशयितांना बंदराच्या धक्क्यावर जमवून उलगडा. नवे पर्व नसेल तेव्हा त्याच वेळेला जुने भाग. बेटाची वस्ती जेमतेम चार हजार. सोळा पर्वांत एकशे अठ्ठावीस खून झाले, तरी लोक तिथे हौसेने सुट्टीला जातात. याबद्दल मी वाहिनीला तीनदा पत्र लिहिले. उत्तर नाही.

कलम एक. माझ्या भाचीला, म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, माझी हत्यारांची पेटी द्यावी. त्यात नऊ बारीक पेचकस, दोन पकडी आणि भिंगाची गोलाई मोजायचे उपकरण आहे. तिला चष्मा नाही, पण घेतलेली वस्तू जागच्या जागी ठेवणारी या घरात ती एकटीच. बँकेत जे असेल ते आणि टीव्हीही तिलाच.

कलम दोन. माझी मते. वाहिनीच्या प्रेक्षकांच्या पानावर मी ‘जाड भिंग’ या नावाने अकरा वर्षे दर आठवड्याला मत लिहिते. त्यांच्या वह्या कपाटात आहेत. त्या रद्दीत घालू नयेत. थोडक्यात सांगायचे तर, पहिली पाच पर्वे ज्याने तपास केला तो छत्रीवालाच खरा गुप्तहेर. भर उन्हात छत्री धरून फिरायचा, पण नजर कशी, धारदार. त्याच्या जागी आला तो अनवाणी. वाळूत बूट काढून चालला की याला खुनी सापडतो! नवव्या पर्वात त्याने एका सावकाराला पकडले, कारण म्हणे त्याला लांबचे दिसत नव्हते. अहो, त्या चष्म्यातून नटाचे डोळे बशीएवढे दिसत होते. लांबचे न दिसणाऱ्याच्या भिंगातून डोळे लहान दिसतात. निर्दोष माणूस तुरुंगात गेला आणि चारशे प्रेक्षकांनी पाच तारे दिले.

त्या मतावर ‘सातवा मजला’ नावाच्या इसमाने लिहिले, ‘भिंगे राहू द्या, पुराव्यातली दोरी बघा. ती कापलेली नाही, झिजलेली आहे.’ खुनाच्या मालिकेत दोरीची झीज बघणारा माणूस जगात एकच. पस्तीस वर्षे लिफ्ट दुरुस्त करणारा माझा भाऊ. मी त्याला पहिल्याच आठवड्यात ओळखले होते. तेव्हापासून पानावर आमचे दर रविवारी कडाक्याचे भांडण होते आणि जिन्यात भेटलो की आम्ही भिंतीकडे बघतो. त्याने मला ओळखले की नाही, हे मला अजून उलगडलेले नाही.

कलम तीन. आईवडिलांनी वाटून दिल्याप्रमाणे तळमजला माझा. माझ्या पश्चात तो आणि खिडकीजवळची दोन हातांची खुर्ची भावाला मिळावी. अट एकच. त्याने एका शनिवारी आठला खाली येऊन, त्या खुर्चीत बसून, छत्रीवाल्याचा एक अख्खा भाग तोंड न उघडता पाहावा. जिवंतपणी तो येत नाही, निदान मेल्यावर तरी येईल.

कारणही लिहिते, कारण आता लपवून काय करायचे आहे. अनवाणीचा पहिला भाग आम्ही इथेच एकत्र पाहिला. जाहिराती लागल्या तेव्हा भाऊ म्हणाला, “बरं झालं बदलला. जुन्या माणसाला आपणच कळायला हवं, कधी जायचं ते.” त्याच दुपारी कारखान्याने माझ्या जागी यंत्र आणि एक तरुण मुलगी बसवून मला घरी पाठवले होते. मी त्याला सांगितले नव्हते. नुसते म्हणाले, “चालता हो.” तो सतरा पायऱ्या चढून गेला. तो छत्रीवाल्याबद्दल बोलत होता, हे मला त्याच आठवड्यात कळले. तरी मी गप्प राहिले. चूक माझी. त्याच्यावाचून मला फार जड गेले.

सहीच्या वेळची नोंद. दुसरे साक्षीदार म्हणून समोरचे बेकरीवाले यायचे होते, त्यांची कंबर धरली. भाचीला म्हटले, कोणालाही आण. ती बापाला घेऊन आली.

वकीलबाई म्हणाल्या, “तुम्ही सही नका करू. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुमचं तिसरं कलम जाईल.”

तो उभ्याउभ्याच सगळे वाचत होता. तिसरे कलम बोट ठेवून वाचले. “हे अकरा वर्षं पोटात ठेवलंस?”

“तू विचारलं नाहीस.”

“चालता हो म्हणालीस! चालता झालेला माणूस कसा विचारणार?” मग वकीलबाईंकडे हात करून म्हणाला, “पेन द्या.”

“अहो, मजला जाईल हातचा.”

“ही मला मेल्यावर बोलावतेय. तोवर कोण थांबणार?”

सबब कलम तीन रद्द. तळमजला भाचीला. खुर्चीबद्दल काही ठरवता आले नाही, कारण तिच्यावर तो बसला आहे.

स्थळ: तळमजला, पुढची खोली.
दिनांक: चौदा, शनिवार, संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे.

लिहून ठेवणारीची सही: जाड भिंग. वकीलबाईंच्या आग्रहावरून खरे नावही खाली लिहिले आहे.

साक्षीदार एक: वकीलबाईंचे कारकून. लिहून ठेवणारीने माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार दोन: धाकटा भाऊ, राहणार वरचा मजला. माझ्यादेखतही केली. सावकाराच्या भिंगाचं ताई म्हणते ते बरोबर आहे. तिने करून दिलेला चष्मा घालून मी तेव्हाच आरशात पाहिलं होतं, डोळे लहानच दिसतात. अनवाणीबद्दल माझं मत कायम आहे. ते आठला सांगेन, जाहिराती लागल्या की.
सही: सातवा मजला.