भोंग्याची तोडलेली तार

मंगळवार, सायंकाळ

हळद शिजवण्याच्या आमच्या बॉयलरचा भोंगा बिघडला, असे माझा मुलगा दिलीप सर्वांना सांगतो. ते असत्य आहे. पाणी कमी झाले की वाजणारा तो भोंगा निर्दोष आहे. हळद पॉलिश करणाऱ्या मोटरला बसवलेल्या, तिचा वेग कमीजास्त करणाऱ्या नव्या ड्राइव्हचा विद्युत गोंगाट शेजारच्या तारेत शिरतो, म्हणून तो अकारण वाजतो. तारा दूर करा, अर्थिंग द्या, एवढेच मी म्हणालो.

"बाबा, काहून मास्तरकी करून राहिले? तारच तोडून टाकली म्या. आता वाजतो का बघा!"

भोंगा गप्प आहे. पाणी खरोखरच आटले आणि बॉयलर फुटायला आला, तर?

उद्या कोणी विचारले तर असावेत, म्हणून घटनांचे वार शुद्ध करून ठेवतो:

ड्राइव्ह रविवारी बसला, शनिवारी नव्हे.
भोंगा सोमवारी प्रथम चुकला, त्यापूर्वी कधीही नाही.
तार आज दिलीपने तोडली.
बॉयलर उद्या पुन्हा पेटवायचा आहे. दिलीप त्याच्यापाशी उभा असेल.