ह्यांच्या टाकीची जाळी

४ मे १९८७
गावची पाण्याची टाकी पाडायचं पंचायतीत चाललंय. ह्यांनी उभी केलेली टाकी! टाकीच्या तळाशी खांब आणि तुळई मिळतात त्या कोपऱ्यात केसाएवढी भेग दिसली, तेवढ्यावरून. हे जाऊन दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत.
पुतण्या प्रभाकर नागपूरच्या कॉलेजात शिकवतो. तिथल्या कॉम्प्युटरवर टाकी तपासून देतो म्हणाला. पण कॉम्प्युटरला अख्खी टाकी कळत नाही. कागदावर तिचे चौकोन पाडायचे, प्रत्येक टोकाला नंबर द्यायचा, मग कुठे किती ताण येतो ते तो सांगतो. ह्याला मेश म्हणतात. मीच आखते म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये क्रॉस-स्टिच माझंच सर्वांत नेटकं होतं. आठवड्यात संपवीन.

६ मे, दुपार
जाळी देखणी होतेय. भेगेच्या कोपऱ्यात चौकोन अगदी बारीक घ्या, असं प्रभाकर बजावून गेला होता. घेऊन पाहिले. रफू केल्यासारखं दिसलं. ह्यांच्या कामाला रफू? खोडून मोठाच चौकोन काढला.
खोडताना मागून आवाज. टक्. जरा वेळाने पुन्हा, टक्. विचार करताना हे पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर असंच आपटायचे. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं तर जातील.

९ मे
संकल्प: भ्यायचं नाही. आज चहा दोन कप केला. दुसरा गार झाला, मीच प्यायले.
टकटक चालू. म्हणजे खोडलेलं पसंत आहे.
शेजारच्या आनंदाबाई कुंपणावरून ओरडल्या, "काऊन वो बाई, न्हाणीच्या टिनावर थेंब पडून राह्यले, तुमाले आयकू येत नाई का?" भर वैशाखात थेंब कुठले, मी विचारलं. तर म्हणे, "टाकी डोक्यावर हाये ना वो तुमच्या!" प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच त्यांना.

१२ मे
जाळी पूर्ण. प्रभाकर उघडून न बघताच घेऊन गेला. बस सुटत होती.

१९ मे
निकाल आला. सगळे आकडे मर्यादेत! पेढे आणवले, ह्यांच्या फोटोपुढे ठेवले.
प्रभाकरने पेढ्याला हात लावला नाही. म्हणाला, "काकू, दुखतं तिथेच तुम्ही डॉक्टरला हात लावू दिला नाहीत. एवढ्या मोठ्या चौकोनात भेगेचा ताण बुडून जातो. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही." मुलगा हुशार आहे, पण काकांवर गेला नाही. निकालाचा कागद आणि जाळी ठेवून घेतली, कोपरा बारीक करून देते म्हटलं. उद्या.

२० मे
डोळे चुरचुरतात. उद्या नक्की.

२३ मे
टकटक आता भरभर, थांबतच नाही. खूश आहेत. लग्नातसुद्धा इतके खूश नव्हते.
खुर्ची सरकवून ठेवली, बसता यावं म्हणून. कोपरा राहिला. ते इतके खूश असताना कशाला?

२५ मे
सरपंच रूपराव माणसं घेऊन आले. "वहिनी, न्हाणीत जाऊ नोका. भेग वाढली. टाकी खाली करून राह्यलो." मी चांगलं सुनावलं. म्हटलं, कॉम्प्युटरचा कागद आहे माझ्याकडे, टाकी ठणठणीत आहे. खाली मान घालून म्हणाले, "कागद गळत नाई ना वहिनी." ह्यांचं नाव घेऊन, बंडोपंतांची टाकी म्हणून इतके दिवस थांबलो, असंही म्हणाले. मी आत निघून आले.

२६ मे, दुपार
टाकी रिकामी झाली. न्हाणीचं टिन वाळलं.
जेवण झाल्यापासून टेबलाशी बसले आहे. टकटक नाही. चहा एकच कप केला.
कोपऱ्यातला मोठा चौकोन खोडला आणि बारीक आखायला घेतले. मध्येच पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर आपटून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं.
लाकडाचा आवाज वेगळाच असतो.