बिनबटणाचा प्रीअँप

३ फेब्रुवारी
निर्णय झाला. जुना प्रीअँप काढायचा. नवा स्ट्रीमर एकटाच पुरे. इंटरनेटवरून गाणी तोच आणणार, आवाज तोच कमी-जास्त करणार, तिथून थेट पॉवर अँप आणि स्पीकर. मधला हा आवाजाच्या बटणाचा डबा गेला की आवाज शुद्ध. हे माझं स्वतंत्र संशोधन. (फोरमवर चौघांनी आधी लिहिलंय, तो योगायोग.)
कारण पूर्णपणे तांत्रिक. कपाट आवरताना हिची कॅसेट सापडली. वर हिच्याच अक्षरात 'माझी गाणी'. ही जाऊन वर्ष होत आलं. गायची हे माहीत होतं, रेकॉर्ड कधी केलं देव जाणे. सिस्टीम परिपूर्ण झाल्याशिवाय ऐकणार नाही.

६ फेब्रुवारी
लेक आली. म्हणाली, बाबा, माझ्याकडे छोटा टेपरेकॉर्डर आहे, आत्ता लावू या. म्हटलं, तुझ्या आईचा आवाज त्या डबड्यात? तिने कॅसेट परत कपाटात ठेवली. पटलं असावं.

७ फेब्रुवारी
जुना प्रीअँप दुकानदाराला देऊन टाकला. त्याचं गोल बटण झिजून गुळगुळीत झालेलं. तो म्हणाला, साहेब, भरपूर ऐकलंत. खरं तर त्या बटणाला हिचाच हात जास्त लागायचा. 'अहो' करत स्वयंपाकघरातून यायची, डावीकडे फिरवायची, परत जायची. स्ट्रीमरला बटणच नाही. सगळं फोनवर. प्रगती!

१० फेब्रुवारी
लेकीने मॅन्युअल वाचलं. म्हणे, आउटपुट 'व्हेरिएबल'वरच ठेवा. 'फिक्स्ड' झालं तर पूर्ण आवाज सुटेल आणि स्पीकर जातील. अर्धं आयुष्य हाय-फायमध्ये घालवलेल्या माणसाला हे शिकवते! सेटिंग तिनेच केलं. मी देखरेख केली.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
काहीही लावलेलं नाही. डाव्या स्पीकरमधून हलकेच 'अहो'.
अर्थिंगचा दोष.

१५ फेब्रुवारी
डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. दोष वायरीत असता तर 'अहो' उजवीकडे गेलं असतं. गेलं नाही. डावा स्पीकर स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही.
मी 'काय गं?' म्हणालो, ते फक्त चाचणी म्हणून.

१९ फेब्रुवारी
लेकीचा फोन. कॅसेट ऐकली का? म्हटलं, टेप डेकची केबल यायची आहे. म्हणाली, बाबा, तुम्हाला भीती वाटतेय. केबलची कसली भीती?
केबल परवाच आलीय.

२२ फेब्रुवारी, सकाळ
वर्ष झालं. आज ऐकायचीच. स्ट्रीमरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं. हिच्या आवाजाला शिळं सॉफ्टवेअर नको. टेप डेक त्यालाच जोडला. प्लग दोनदा चुकीच्या जागी लावला. चहा जास्त झाला.

२२ फेब्रुवारी, दुपार
अपडेटने सेटिंग परत 'फिक्स्ड' करून ठेवलं होतं.
प्ले दाबलं; टेप मधूनच सुरू झाली. आधी घसा खाकरल्याचा आवाज. खिडक्या थरथरल्या. मग ही घरभर, जिनाभर: "अहो! आवाज कमी करा!"
हात आपोआप बटणाकडे गेला. बटण नाही. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. धावलो. मागून पुन्हा, "अहो, ऐकताय ना?" आयुष्यात पहिल्यांदाच लगेच ऐकत होतो. फोन हाती येईपर्यंत स्पीकरमधले दोन्ही ट्वीटर जळाले. जळका वास.
खालचे काका धापा टाकत वर आले. म्हणाले, वहिनींचा आवाज आला. मग दारातच खाली बसले. मीही.

२३ फेब्रुवारी
लेकीच्या डबड्यावर दोन्ही बाजू पहिल्यापासून ऐकल्या. ही गायला लागते. भिंतीपलीकडे माझी सिस्टीम सुरू होते. "अहो, आवाज कमी करा, मी रेकॉर्ड करतेय." टेप बंद. पुन्हा तीच पहिली ओळ, पुन्हा मी. दुसऱ्या ओळीपर्यंत ही कधीच पोचत नाही. माझा बास मात्र भिंतीतूनही सुरेख येतो, नोंद असावी.
शेवटी स्वतःशीच म्हणते, "राहू दे." पुढे टेप कोरी.
लेक रडली. मी केबल गुंडाळत बसलो.
संध्याकाळी सगळे प्लग काढले. डाव्या स्पीकरपाशी खुर्ची ओढली. फार आठवण आली. घरात अजिबात आवाज नव्हता.
म्हटलं, आता गा.
बराच वेळ बसलो. 'अहो'सुद्धा आलं नाही.